भवानरावांचा पाय

दांडिया बाजारात, होमिओपॅथीच्या दवाखान्यावर,
दुसऱ्या मजल्याला भवानराव सुळ्यांचे हक्क राहतात.
बिस्किटांचा पत्र्याचा डबा: करारपत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या,
एक रिकामी तपकिरीची डबी,
आणि झाकणावर हात ठेवून शरयूताई खोपकर,
वय अठ्ठ्याहत्तर, लेखकाची एकुलती वारस.

आम्ही तिघं नवे.
पुण्याच्या एकानं भवानरावांना निद्रानाश दिला.
नाशिकच्या बाईंनी दिली एक मुलगी, लग्नाआधीची;
ती लाल पेन्सिलीनं पान बारावर वारली.
तिसरी मी. दिवसा मकरपुऱ्यात
बेअरिंगच्या कारखान्याचे हिशेब बघते,
रात्री साडेनऊनंतर खून करते.

अटी तोंडी होत्या.
भवानराव मरायचे नाहीत.
मोबाइल बाळगायचा नाही,
दुसऱ्याचा वाजला तर दचकायचंही नाही.
पैशाला चिकट, पुराव्याला त्याहून चिकट.
आणि लंगडायला हवं.
'कुठल्या पायानं?' मी विचारलं,
तेव्हा त्यांनी पंखा एक घर वाढवला.

पहिल्या सहा पुस्तकांत डावा पाय.
सातव्यापासून शेवटापर्यंत उजवा.
साठ वर्षं लोक यावर भांडतायत.
न्यायमंदिराजवळचे नोटरी पालकर म्हणतात, जुळे भाऊ होते;
रावपुऱ्यातल्या छापखान्याचे नातू म्हणतात,
आमच्या आजोबांच्या जुळाऱ्यावर खापर फोडू नका.

माझं प्रेत विश्वामित्रीत होतं.
काळ्या घोड्याच्या पुलावर भवानराव उभे,
खाली चिखलात मगर, तोंड उघडं टाकून ऊन खात.
एकच साक्षीदार, आणि जबानी पोटात.
शेजारी पोरं फोटो काढत होती.
'काका, जरा खसो ने,' एक म्हणाला,
आणि संस्थानी फौजदारापुढेही कधी न हललेले भवानराव
खसले.
इथवर जमलं.
मग मी त्यांना रिक्षात बसवलं.

आयुष्यभर टांग्यातून उतरलेला माणूस
रिक्षातून उतरताना कुठला पाय आधी टाकेल?
अकरा रात्री रिक्षा सूरसागराच्या कडेला उभी,
इंजिन चालू.

बाराव्या दिवशी गेले. शरयूताई वाल सोलत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
'सातव्याच्या वर्षी ते कपाट आलं. लिलावातलं.
त्याआधी बाबा भिंतीकडे बघत चालायचे.'
मला कळेपर्यंत वाटीभर वाल सोलून झाले.

लिहिण्याआधी ते स्वतः लंगडून बघत,
पलंगापासून खिडकीपर्यंत, धोतर सावरत,
डाव्या पायानं, नेहमीसारखं;
आणि त्या वर्षी समोरून
कोणी एक उजव्या पायानं लंगडत आला.
त्यांनी दिसलं ते लिहिलं.
पुरावा, आणि तोही पुरुषभर उंच.

'तू चालून बघ,' त्या म्हणाल्या.
कडेनं पारा उडालेला. पर्स खांद्याला तशीच.
आत एक बाई, ऑफिसची साडी, चष्मा कपाळावर,
लंगडत माझ्याकडे येत होती,
आणि चार पावलं तरी
ती कोण, हे मला सांगता आलं नसतं.

घरी येऊन एवढंच लिहिलं:
भवानराव उतरले. रिक्षावाल्यानं पस्तीस रुपये खिशात टाकले
आणि बाजूच्या आरशात पाहिलं.
एक म्हातारा, उजव्या पायानं लंगडत,
मागे लहान लहान होत गेला.

शरयूताईंनी दोनदा वाचलं.
लाल पेन्सिल पायापाशी थांबली,
मागे सरकली,
पस्तीस खोडून तीस केले.
'घासाघीस केल्याशिवाय देतील होय ते?'