सरळ रेषेतलं अंतर

रीगा विमानतळ. पहाटेचे पाच चाळीस.
फलकावर बर्गनच्या नावापुढे
आधी 'विलंब', मग नुसतीच रेघ,
मग लाल अक्षरांत तो शब्द
जो मी रोज उच्चारतो आणि घरी कधी नेत नाही.

माझं नाव इल्ग्वार्स. कोटावर पट्टी आहे,
म्हणजे शिवी देताना कुणाचं अडायला नको.
आम्हाला वाक्यं शिकवलीत तीन:
दिलगीर आहोत.
कामकाजाच्या कारणास्तव.
हे घ्या कूपन, एक सँडविच, एक कॉफी.
तोंडाला पानं पुसायची, वर टिश्यूपेपरही द्यायचा.

चौथं वाक्य उजव्या ड्रॉवरमध्ये असतं,
स्टेपलरच्या पिनांच्या खोक्याखाली,
छापील गठ्ठा: 'प्रवाशांचे हक्क'.
प्रत्येकाच्या हातात द्यायचा, असं कायदा सांगतो.
मागितला तर द्यायचा, असं सुपरवायझर सांगतो.
कायदा ब्रुसेल्सला असतो,
सुपरवायझर माझ्या मागच्या खुर्चीत.

रांग लागली. जहाजावरचे दोन वेल्डर,
शाळेचं समूहगायनाचं पथक, सगळ्यांच्या टोप्या एकसारख्या,
एक बाई फोनवर कुणाला तरी सांगत होती
की हे तुझ्यामुळेच झालं.
एकेक जण कूपन घेऊन बाजूला होत गेला.

मग स्काइद्रीते ग्रीनवाल्दे. वय त्र्याहत्तर.
हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दोऱ्याने बांधलेला.
"कारण?"
"कामकाजाच्या..."
"ते कारण नव्हे. ते कारणावरचं झाकण."
काचेबाहेर बघितलं त्यांनी. वारा नव्हता,
आभाळ पुसलेल्या पाटीसारखं.
"चाळीस वर्षं जमीन मोजली मी सरकारसाठी.
हवा कधी आडवी येते, मला कळतं."

मी नियम सांगितला. का, ते विचारू नका.
हळू आवाजात, दुसऱ्याचं गुपित सांगावं तसा:
चौदा दिवस आधी कळवलं असतं तर भरपाई नसते.
त्या डब्यावर हात ठेवून म्हणाल्या,
"चौदा दिवसांपूर्वी वेल्टा जिवंत होती.
तेव्हा मी तिकीट काढलंच नव्हतं."

दफन त्याच दिवशी, दुपारी दोनला.
पुढचं विमान दुसऱ्या दिवशी.

"किती?"
"अडीचशे युरो. पंधराशे किलोमीटरच्या आत आहे."
"मोजता कसं?"
"विमानतळ ते विमानतळ. पृथ्वीच्या गोलाईवरून, सर्वांत जवळच्या वाटेने."
"बरोबर," म्हणाल्या,
नव्या मदतनिसाचं पहिलं गणित तपासावं तशा.
आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.
"कारण लिहून द्या. झाकण नको."

सुपरवायझर कॉफीच्या यंत्राशी भांडायला गेला होता.
मी लिहिलं: वैमानिक आजारी. बदली माणूस नाही.
खाली सही. तारीख. वेळ.
इतकं साधं वाक्य
या नोकरीत मी पहिल्यांदाच लिहीत होतो.

कूपन त्यांनी घेतलं.
"हे हक्काचं आहे, दयेचं नाही,"
आणि समोरच्या बाकावर बसून
सँडविच पूर्ण खाल्लं, काकडी तेवढी बाजूला काढून.
डबा मांडीवर. त्यात गावची माती होती,
हे मला नंतर कळलं.

मग कागदी घोडे. कंपनीने आधी हवामान म्हटलं,
मग असाधारण परिस्थिती,
मग त्यांच्यापुढे माझं अक्षर आलं.
मला बोलावून समज देण्यात आली.
ती मी घेतली. घरी नाही नेली.

दहा महिन्यांनी काउंटरवर पत्र, माझ्या नावाने:
"पैसे मिळाले. तक्रार नाही. फक्त एक दुरुस्ती.
बर्गनच्या विमानतळानंतर एक बोट आहे,
मग चढण, मग दफनभूमीचं फाटक,
मग डावीकडून सातवी रांग.
तुमच्या रेषेत ते धरलेलं नाही.
मी पावलांनी मोजलं. आकडा वहीत आहे.
मागणार नाही."

पत्र ड्रॉवरमध्ये आहे, गठ्ठ्याशेजारी.
पिनांचं खोकं मी
डाव्या बाजूला हलवलंय.