दीर्घ

फोनवर समुपदेशक बाई म्हणतात,
डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या.

स्वारगेटजवळचं लॉज, तिसरा मजला.
चौदा रात्रींनंतरची ही पहिली मोकळी सकाळ.
खाली डेपोत बस मागे घेताना टीं टीं वाजते
आणि मी पलंगावरून उतरून
हातमोजे शोधायला लागते.

एकवीस नंबरचे आगाशे सर.
तोंडावर मास्क घट्ट, बोलणं बंद.
मी पाटीवर लिहिलं, 'पाणि हवं?'
त्यांनी खुणेनं पेन मागितलं,
थरथरत पहिली वेलांटी खोडली, दुसरी काढली,
आणि मगच मान हलवली: हवं.
चष्म्यावर वाफ धरेपर्यंत हसले मी.
आमच्या गेवराईत
तहानेचं शुद्धलेखन कुणी तपासत नाही.

मंगळवारी, पहाटे चार दहा.
फॉर्मवर मृत्यू लिहिताना
हात अडला.
त्यू दीर्घच ना?
कुणाला विचारणार.
पलीकडे तेवीस नंबरचा अलार्म सुरू झाला होता.

ताई, ऐकताय ना, बाई म्हणतात,
घ्या. सावकाश.

बाई,
ऱ्हस्व घेतला तर चालेल का?