अकरा महिने

माझ्या मालकीच्या घरात
मी एकही रात्र झोपलेले नाही.
रत्नागिरीत, नाचण्याला, चौथा मजला, चारशे ऐंशी फूट.
जिना चढताना बिल्डरचा माणूस म्हणाला होता,
"मॅडम, घर आपला हप्ता आपणच फेडतं,
तुम्ही नुसत्या सह्या करायच्या."
लिफ्ट तेव्हा यायची होती.
अजूनही यायची आहे.

हप्ता सतरा हजार चारशे,
भाडं साडेसात.
मेंटेनन्स नऊशे, घरपट्टी निराळी,
कधी टाकीचा कॉक, कधी गॅलरीतली उखडलेली लादी.
घर जे फेडत नाही ते मी फेडते,
चिपळुणात, लॅबच्या स्टुलावर बसून
लोकांच्या रक्तातली साखर मोजत.

आणि राहते रेडीजशेठच्या तळमजल्यावर. भाड्याने.
भिंतीवर पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याला लागणारी.
शेठ डिस्टेंपर मारतात, ती परत वर येते.
मी तिच्यावर ओळीने फोटो लावले,
रेघ लांब निघाली, माणसं पुरली नाहीत.

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला.
सहा पावसाळे मी ओट्यावर टॉवेल पसरते,
पिळते, पुन्हा पसरते.
शेठना बोलले नाही.
भाडेकरूने फार बोलू नये
हे मला कुणी शिकवलं, आठवत नाही.

एप्रिलअखेर शेठचा मेसेज आला:
"करार संपत आला आहे. महागाई पाहता
दहा टक्के वाढ करीत आहोत. सहकार्य असावे."
मी जोडलेले हात पाठवले.
मग तोच मजकूर बोटाने दाबून धरला
आणि नौशाद वस्ताला पाठवून दिला,
माझ्या नाचण्याच्या भाडेकरूला.
"आहोत" तसंच राहू दिलं.
मी एकटीच आहे, तरी.

अर्धा दिवस दोन निळ्या खुणा.
मग त्याचा आवाज, मागे बोटीच्या इंजिनाची धडधड:
"ताई, दहा टक्के चालतील.
पण पावसाआधी किचनच्या खिडकीवर हातभर पत्रा मारून द्या.
गेल्या साली रुखसार महिनाभर टॉवेल पिळत होती."

तीनदा ऐकलं.
किती सहज.
वाण्याकडे सुटे मागावेत तसं.

रविवारी एसटीने गेले.
माझ्याच दाराची बेल वाजवली,
चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतलं.
टेबलावर पेपर पसरून फिशफाइंडर उघडा पडलेला,
मिरकरवाड्याच्या कुठल्याशा ट्रॉलरचा;
समुद्राचा तळ दाखवणारं यंत्र
माझ्या हॉलमध्ये आंधळं होऊन बसलं होतं.
पत्रेवाल्याने टेप लावली: तीन फूट दोन इंच.
तीन हजार सातशे पन्नास सांगितले.
वाढलेल्या भाड्याचे बरोबर पाच महिने.
मी मनातल्या मनात भागाकार केला
आणि रुखसारने पुढे केलेलं सांदण तोंडात टाकलं.

तेवढ्यात लाइट गेली.
"थांबा," नौशाद म्हणाला, "आता बघा."
समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर
उजेडाचा एक पुसट फराटा आला, गेला.
थोड्या वेळाने पुन्हा.
"दीपगृहाचा. लाइट असली की कळत नाय.
हे अॅग्रीमेंटमध्ये नव्हतं हां, ताई."
तो हसला. मीही हसले,
पण मला खरंच ठाऊक नव्हतं.
वीस वर्षांचं कर्ज काढून
मी काय विकत घेतलंय
ते मला माझा भाडेकरू दाखवत होता,
फुकट.

परतीच्या गाडीत, निवळी फाट्यापाशी,
मी शेठना लिहिलं:
"वाढ कबूल. फक्त किचनच्या खिडकीवर पत्रा हवा."
"कृपया" लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.
घरी पोचल्यावर अंधारातच खिडकी मोजली,
टेप नव्हती म्हणून हाताने:
चार विती, वर चार बोटं.

आज नववा दिवस.
एकच खूण, तीही राखाडी.
पावसाला अजून तीनेक आठवडे आहेत.
टॉवेल धुऊन, घडी घालून
मी ओट्याखाली ठेवून दिलाय.