अर्जदाराचा वाटा

अर्जाची शेवटची तारीख सोमवार.
आज शुक्रवार, रात्रीचे साडेदहा,
आणि मी अजून सातव्या रकान्यावरच :
'यापूर्वी केलेल्या कामाची छायाचित्रे जोडा.'

काम झालंय. रोज होतं.
वाघोडिया रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
अकरा बायका सकाळपासून भिंत चढवतात
आणि चारला पाडतात.
विटा आमच्याकडे सहाशेच,
म्हणून सिमेंट नाही, नुसता मातीचा गारा,
म्हणजे वीट न दुखावता सुटते.
घासायची, रचून ठेवायची,
उद्या तीच पुन्हा पहिल्या थरात.
फोटो कशाचा लावू?
विटांचा ढीग तर वीटवाल्याकडेही असतो.

माझ्या वडिलांना नवापुऱ्यात सगळे कडियाकाका म्हणत.
घरात आम्ही गवंडी म्हणायचो,
आणि माझ्या शाळेच्या फॉर्मवर, वडिलांचा व्यवसाय,
आईने लिहिलं : नोकरी.
त्यांचा ओळंबा आता रमिला वापरते.
पितळी, टोकाला जरासा चेपलेला.

रमिला दाहोदकडची.
सोळा वर्षं नाक्यावर उभी राहिली,
सोळा वर्षं घमेलं घेऊन परांचीवर चढली,
बडोद्यातला कितीतरी गिलावा
तिने खालून, मान वर करून पाहिलाय.
अर्जात तिचं नाव 'अकुशल' खाली येतं.
दुसरा पर्याय 'निमकुशल' आहे,
त्याला प्रमाणपत्र लागतं,
ज्यासाठी हा अर्ज.

मंगळवारी तिने भिंत पाडली नाही.
"आजनी रहेवा दो, बेन."
पोराला दाखवायची होती.
मी ओळंबा सोडून बघितला : दोन सूत सुटलेली.
बोलले नाही.
पोरगा शाळेतून परस्पर आला.
भिंतीला हात लावला, मग दप्तरासकट पाठ टेकली,
मग म्हणाला, हिच्या पलीकडे कोण राहतं?
बायका हसल्या. तो वळून बघून आला.
तो गेल्यावर रमिलाने स्वतःच दोरी धरली,
पितळ डोलायचं थांबेपर्यंत थांबली,
आणि काही न बोलता
वरच्या थरापासून विटा उतरवायला लागली.

आठवा रकाना : अर्जदाराचा स्वतःचा वाटा, किमान दहा टक्के.
आम्ही मागतोय एक लाख चाळीस हजार.
रमिलाची रोजी साडेचारशे,
इथे शिकायला आली की बुडते.
गुणिले चाळीस दिवस, गुणिले अकरा जणी.
कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं.
एक लाख अठ्ठ्याण्णव हजार.
म्हणजे देणगीदार नेमकं कोण, असं वाटून
मी ऑफिसला फोन लावला.
साहेब सज्जन. पूर्ण ऐकून घेतलं,
मग म्हणाले, "बेन, ए ना गणाय.
रोकडा होय तो लखो."

लिहिलं. रोख, चौदा हजार.
माझ्या मुदत ठेवीतले; सुनेला अजून सांगायचंय.
नवव्या रकान्यात 'अपेक्षित परिणाम', दोनशे शब्दांत.
मी लिहिलं, अकरा जणी भिंत बांधतील
आणि ती पाडावी लागणार नाही.
एकशे नव्वद शब्द शिल्लक आहेत.

आणि फोटो आहे एक. आत्ता रमिलाने पाठवला.
मंगळवारचा, तिच्या फोनमधला.
पोरगा, दप्तर, मागे भिंत.
फोन तिरका धरला होता तिने,
त्यामुळे भिंत अगदी ओळंब्यात दिसते
आणि पोरगा थोडा कललेला.

उद्या रावपुऱ्यात तीन प्रती काढायच्या.
दुकानातला मुलगा फार तत्पर आहे,
न सांगता फोटो सरळ करून देतो.
त्याला आधीच सांगायला हवं.