चरण्याचं सोंग

थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार.
विस्कॉन्सिनच्या या टेकड्यांत, खाद्याच्या दुकानामागे
माझं टेबल, टॉर्च, वही
आणि जबडा उघडायची लोखंडी पकड.
पिकअप येतात, मागची फळी धाडकन खाली पडते.
नारिंगी जाकिटं, कॉफीची वाफ,
वारा कुठून होता, मचाण कुठल्या ओकवर,
आणि जो निसटला त्याची शिंगं
दर कपाला दोन बोटं वाढत जातात.

मी शिंगं बघत नाही. दात बघते.
दाढ दुधाची, तीन उंचवट्यांची: अजून पोरवय.
ती पडून दोन उंचवट्यांची आली: दीड वर्ष उलटलं.
मग मधली तपकिरी रेघ
पांढऱ्या कडेहून रुंद होत जाते
आणि मी आकडा सांगते.
माणसं ऐकून मान डोलावतात,
जणू त्यांना माहीतच होतं.

बाकीचं वर्ष मी त्यांना उभी बघते.
सिंकच्या खिडकीतून, हात साबणात,
मका कापून नेलेल्या शेताच्या कडेला.
नर देवदाराच्या रोपट्यावर डोकं घासून साल काढतो,
ओली आतली फांदी दिवसभर उघडी राहते.
माद्या आधी येतात. नेहमी आधी.
एक होती, डावा कान तारेनं फाटलेला,
कापडाच्या चिंधीसारखं टोक लोंबणारं.
संशय आला की पुढचा पाय आपटायची,
एकदा. थांबून परत एकदा.
मग मान खाली घालायची, चरतेय असं दाखवायची,
तोंडात गवताची काडीही नाही,
आणि झटक्यात वर बघायची,
कोण हललं ते पकडायला.
मी ताट हातात धरून पुतळा व्हायचे.
तीन उन्हाळे तिनं मला असं पकडलं.

या जूनमध्ये कुरणात दोन पाडसं ठेवून
दिवस दिवस लांब राहायची.
कोल्ह्यांना आईचा वास कळतो, पाडसांना अजून वासच नसतो.
ठिपके गवतात ऊन पडल्यासारखे.
मी ट्रॅक्टरवाल्या ऑर्डेलला सांगितलं,
तो कोपरा आठवडाभर कापू नकोस.
तो म्हणाला, नोव्हेंबरात सांगशील का हे?

दहा वाजता व्हर्लिन क्वामचा ट्रक आला.
सोबत एमेट, बारा वर्षांचा, त्याचं पहिलंच हरीण.
चाकांच्या कमानीवर चिखल, फळीवर थोडं रक्त,
गोठून जांभळं झालेलं.
मी टॉर्च लावायच्या आधी
कान दिसला.

पकड घातली. जबडा अजून सैल होता.
दाढेच्या खाचेत मक्याचा दाणा,
अर्धा चावलेला.
साडेतीन, मी म्हटलं.
आवाज बरोबर आला.
‘कसं कळतं तुम्हाला?’
‘दातावरून.’
खोटं नव्हतं ते.

‘एकाच गोळीत,’ व्हर्लिन म्हणाला, ‘वीस पावलंसुद्धा गेली नाही.’
मी पोराचा हात हातात घेतला, नेहमी घेते तसा,
म्हटलं, नीट केलंस. तेही खोटं नव्हतं.
मग ठरवलं नसताना विचारून बसले:
‘तिच्याबरोबर कोणी होतं?’

एमेटनं वडिलांकडे बघितलं.
‘दोन होती,’ तो म्हणाला. ‘शेपटी उभारून पळाली.
मग थांबली.
ती उठेल म्हणून बघत राहिली.
आम्ही खाली उतरलो तरी तिथंच होती.’
बूट गोठलेल्या जमिनीवर आपटला त्यानं,
थंडीनं असेल.
थांबून परत एकदा.

या वयाची पाडसं हिवाळा काढतात,
रवंथ येतं त्यांना, वाटा माहीत असतात.
हे मी दरवर्षी कोणाला ना कोणाला सांगते.
आज सांगितलं नाही.

मागे चार ट्रक उभे होते, कोणीतरी हॉर्न दिला.
मी वहीवर मान घातली,
मादी, साडेतीन, क्वाम, असं लिहितेय असं दाखवलं,
पेन कागदाला टेकलंही नव्हतं,
आणि झटक्यात वर बघितलं.

तो अजून तिथंच होता,
तिच्या फाटक्या कानावर
बोट ठेवून.