पुरणयंत्रात बटाटा

माझगावच्या बाजारात भाजीवाला म्हणाला,
जुना घ्या ताई, नव्याची खळ होते.
सहा घेतले, मुठीएवढे,
सालावर माती तशीच.

काल अण्णा नायरमधून आले,
उरलेले चार दात तिथेच ठेवून.
मऊ द्या, म्हणाले डॉक्टर.
मऊ म्हणजे आमच्याकडे पेज,
आणि पेज म्हटलं की अण्णांचं तोंड भिंतीकडे.

तासभर ओव्हनमध्ये भाजले.
उभे चिरून चमच्यानं गर काढला,
ओट्यावर बारा होड्या राहिल्या.
गर पुरणयंत्रातून.
होळीनंतर आजच उतरलं ते माळ्यावरून,
कडेला जुनं पुरण वाळलेलं, ते नखानं खरवडलं.
लोणी, गरम दूध, मीठ.
मिरपूड नको, हिरड्या झोंबतात.

होड्यांना तेलाचं बोट,
आत परतलेला जवळा, पातीचा कांदा, वर चीज.
पुन्हा भट्टीत.
कडा तांबूस झाल्या, दोन जरा जास्तच.
डिमेलोबाई दारात: काय गं जळतंय?

अण्णांनी वाटी बोटानं पुसून खाल्ली
नि ताटलीकडे पाहिलं.
चावणार कशानं, म्हटलं.
"चावायचंय कुणाला?"
यामिनीला हाक मारली,
उजव्या कानाशी उभी केली.
(डावा गोदीतच राहिला, रिव्हेट ठोकता ठोकता.)
"इथे खा. जोरात."

कुर्रुम.

डोळे मिटून बसले.
मग म्हणाले, "ती जळकी घे आता."
तिची जीभ पोळली होती,
तरी तिनं घेतली.