किरकोळ दुरुस्त्या

तार्तू शहरात नोव्हेंबरचे साडेचार वाजलेत,
म्हणजे रात्र झाली आहे.
नदीकाठच्या दिव्यांना धुक्याची कानटोपी,
आणि माझ्यासमोर कोरं पान :
आवृत्ती सात पूर्णांक दोन. नवीन काय?

नवीन बरंच आहे, लिहिते.
आभाळ आता एका टिचकीत बदलता येतं.
बारा तयार आभाळं सोबत दिली आहेत,
त्यांतली चार मावळतीची.
तानेलने ती गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरून टिपली,
बिअरचा ग्लास कठड्यावर ठेवून.
हे लिहीत नाही.
‘मागे घ्या’ आता पाचशे पावलांपर्यंत चालतं.
पूर्वी शंभरावर थांबायचं
आणि लोक रागावून विचारायचे,
एवढ्या थोड्या चुका कुणाच्या असतात?

मग दुरुस्त्या.
उभा फोटो जतन करताना आडवा व्हायचा,
आता उभाच राहतो.
लाल डोळे घालवणारा ब्रश
नवरीची लिपस्टिकही घालवायचा,
त्याला समज दिली आहे.
मोठी फाइल दिसली की प्रोग्रॅम बसकण मारायचा.
उठवला.

क्रमांक अकरापाशी मी चहा करायला जाते.

हीउमा बेटावरच्या लेइदा पिहेल यांचं पत्र,
वय एक्याऐंशी, स्कॅन भाच्याने करून दिलेला :
‘तुमचं धूळ काढायचं बटण चांगलं आहे.
आईच्या लग्नाच्या फोटोवरचे ओरखडे गेले,
माश्यांचे डागसुद्धा.
पण एंडेलच्या फोटोतला बर्फ गेला.
माझा भाऊ लॉरीच्या पायरीवर उभा आहे,
एक हात दारावर, मागे गोठलेला समुद्र
आणि त्यावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणारा
तो रस्ता, जो फक्त हिवाळ्यातच असतो.
तुमच्या बटणानंतर हवा इतकी लख्ख दिसते
की बघणारा म्हणेल, एवढा चांगला दिवस होता,
मग हा पोचला का नाही?
बर्फ पडत होता हो.
म्हणून तर.’

मी फोटो उघडला. दुप्पट केला, आठपट केला.
प्रोग्रॅमचं तरी काय चुकलं?
त्याला आम्हीच शिकवलं होतं :
पांढरा, बारीक, आजूबाजूशी नातं नसलेला
ठिपका दिसला, की पूस.

तानेल तीन आठवडे त्या एका फोटोला चिकटून होता.
घरी जाताना डोळे चोळायचा.
एका शुक्रवारी, डबा उघडता उघडता, म्हणाला,
धूळ कागदावर बसलेली असते,
म्हणून तिची कड धारदार.
बर्फ असतो त्याच्या आणि कॅमेऱ्याच्या मधल्या हवेत,
म्हणून जरासा ओघळलेला.
एवढंच.
मग बीटाचं सॅलड खाल्लं, सगळं,
माझ्या वाट्याचंही.

तरी एक्केचाळीस ठिपके उरले,
ज्यांचं काय ते प्रोग्रॅमला ठरवता येईना.
आता तो विचारतो : हे ठेवायचं?
चाचणीची प्रत बेटावर पाठवली.
लेइदाबाई एका संध्याकाळी भिंग घेऊन बसल्या
आणि एक्केचाळीस वेळा उत्तर दिलं.
‘दोन धूळ होती,’ त्यांनी कळवलं,
‘अडतीस बर्फ.
एक त्याच्या बाहीवर आहे, तो बर्फ नाही.
राख असेल, तो फार ओढायचा,
आईपासून लपवून.
ठेवला.’

पानावर एवढं मावत नाही.
तानेल म्हणतो, एका ओळीत बसव,
लोक वाचत नाहीत, थेट ‘पुढे’ दाबतात.
मीही तेच करते, इतरांच्या प्रोग्रॅमना.

अकरा. काही चित्रांतले बारीक पांढरे ठिपके
धूळ समजून पुसले जात होते. दुरुस्त.

बारा. पोर्तुगीज मेनूमधली
शुद्धलेखनाची एक चूक.